द्या इकडे, मी करते!

"द्या इकडे, मी करते."

गेल्या दहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! सून म्हणते, मुलगा म्हणतो, शेजारच्या वहिनी म्हणतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा म्हणते. आणि वाक्य पुरं होईपर्यंत हातातली वस्तू गेलेली असते. वाटी, पिशवी, पेन, पदराची पिन, काहीही. सगळे प्रेमानं म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी आज या वाक्याविरुद्धच लिहायचं ठरवलंय. प्रेमानं केलेल्या गोष्टीविरुद्ध लिहिणं जरा अवघड जातं, पण पंचाहत्तरी आली, आता नाही लिहिणार तर कधी?

मला पार्किन्सन्स आहे. जुनी माणसं कंपवात म्हणतात. २०१५ मध्ये मिरजेच्या डॉक्टरांनी निदान केलं. हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटानं टंकते आहे, कारण उजवा हात हट्टी झालाय. नातवानं फोनवर बोलून लिहायची सोय करून दिली होती, पण माझा आवाज त्या यंत्रालाही नीट ऐकू जात नाही. मी 'पार्किन्सन्स' म्हटलं तर त्यानं 'पार्किंग' लिहिलं! म्हणून हे एक बोट. रोज दहा-बारा ओळी होतात. घाई कुणाला आहे?

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मास्तरकीत भांडवल म्हणून काय लागतं, तर आवाज आणि अक्षर. माझा आवाज मागच्या बाकापर्यंतच काय, शेजारच्या वर्गातही जायचा. फळ्यावरचं माझं अक्षर पाहायला तपासणीला आलेले साहेब थांबायचे. (आता स्वतःचं कौतुक करायला हरकत नाही, साहेबही निवृत्त झाले.) आणि नेमक्या याच दोन गोष्टींवर या आजारानं हात ठेवला. २०१३-१४ पासून हिशेबाच्या वहीत माझं अक्षर बारीक होत चाललं होतं. ओळ सुरू व्हायची नेहमीसारखी आणि संपेपर्यंत मुंग्यांची रांग व्हायची. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. त्याच्याही आधी फोडणी करपली तरी वास येईना. तेव्हा सर्दी समजून सोडून दिलं. बऱ्याच जणांचा वास असा आधीच काही वर्षं जातो, हे मला नंतर कळलं.

आजार थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं. माझा हात फारसा थरथरत नाही. काहींचा अजिबातच नाही. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या पेशी हळूहळू मरत जातात, रसायन कमी पडतं, आणि हालचाल मंद होते, आखडते. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, त्यामुळे मी आनंदात असले तरी समोरच्याला वाटतं बाई रागावल्यात! लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात सहा जणांची हकिकत आहे, आणि त्यातले काही तर त्यांनी नुसते रस्त्यावर चालताना पाहिलेले होते. किती बारीक नजर असेल! आजार बरा करणारं औषध अजूनही नाही. पण १९६० च्या दशकात लेव्होडोपा आलं आणि जखडलेली माणसं हिंडू-फिरू लागली. मीही त्याच्याच जोरावर आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. चालणं, बटण लावणं, पोळी लाटणं ही कामं शिकताना आपण लक्ष देऊन करतो. मग ती अंगवळणी पडतात आणि हात आपोआप करायला लागतात. या आजारात ते 'आपोआप'च जातं. कामाचं ज्ञान जात नाही. पोळी कशी लाटायची हे मला पुरेपूर ठाऊक आहे, पण पहिलीतलं पोर जसं 'ग' काढतं, आधी हे वळण, मग हा काना, तसं प्रत्येक हालचालीकडे लक्ष देऊन करावं लागतं. लक्ष दिलं की होतं. कुणी शेजारी उभं राहून "अहो, चला लवकर" म्हटलं की लक्ष तुटतं आणि हात जागच्या जागी थिजतो. मग त्या माणसाला वाटतं, बघा, जमतच नाही यांना. आणि येतं ते वाक्य.

माझं लाटणं गेलं २०१६ मध्ये. सकाळची वेळ. नातवाची शाळेची बस पावणेआठला, सूनबाईंना साडेनऊला ऑफिसात हजर व्हायचं. मी एक पोळी लाटेपर्यंत तव्यातून धूर निघायला लागला. ती रागावली नाही, हसूनच म्हणाली, "आई, द्या इकडे, मी करते." लाटणं घेतलं. मी बाजूला झाले. खरं सांगायचं तर त्या दिवशी बरंच वाटलं, सुटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात गेले तर पोळ्या होऊन डब्यात गेलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही.

लाटणं गेलं की बाकीचं मागोमाग जातं, हा माझा अनुभव. मग भाजी निवडणं गेलं, दूध तापवणं गेलं, गिरणीत जाणं गेलं, दूधवाल्याचा हिशेब गेला. फोन वाजला की माझ्या हातात पोचायच्या आत कुणीतरी घ्यायचं आणि "हो, बऱ्या आहेत" असं माझ्यातर्फे सांगून टाकायचं. सहा महिन्यांत मी माझ्याच घरात पाहुणी झाले. पाहुण्याला कसं, सगळं हातात आणून देतात आणि कशात काही विचारत नाहीत.

आवाजाचंही तेच झालं. या आजारात आवाज खाली जातो आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याला ते कळत नाही. मला वाटायचं मी नेहमीसारखी बोलतेय, यांनाच कमी ऐकू यायला लागलंय. यांचे कान तपासून आणले, कान ठणठणीत! मग माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच हे ते पुरं करायला लागले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, त्यामुळे निम्म्या वेळा बरोबर पुरं करायचे. उरलेल्या निम्म्या वेळा मला जे म्हणायचं होतं ते राहूनच जायचं. पुन्हा कोण सुरू करणार, म्हणून मी गप्प. डॉक्टरांकडे गेलो की डॉक्टर यांना विचारायचे, "झोप लागते का यांना?" मी समोर, एका हाताच्या अंतरावर. आणि हे सांगायचे, "लागते." मला लागत नव्हती.

याच काळात मला एक मुलगा आठवायला लागला. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, सातवीतला. बोलताना अडखळायचा. धडा वाचायला उभा राहिला की पहिलाच शब्द घशात अडकायचा आणि वर्गात खसखस पिकायची. मग मी काय करायची, तर त्याचं वाक्य मीच म्हणून टाकायची आणि "शाबास, बस" म्हणायची. मला वाटायचं मी त्याची अब्रू राखते आहे. पुढे पुढे त्यानं हात वर करणं सोडलं. मी ते चांगलं लक्षण समजले. आता माझ्या तोंडातून वाक्य काढून घेतलं जातं तेव्हा कळतं की त्या पोराला वर्ष-दीड वर्ष मी काय शिकवलं. तो आज कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर काय बोलावं तेही ठाऊक नाही.

असो. तर त्या पाहुणेपणातून मला बाहेर काढलं एका व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं. फिजिओथेरपिस्ट. वय असेल पंचवीस-सव्वीस. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, मला हं, यांना नाही, "आजी, दिवसभरात तुम्ही स्वतः काय काय करता?" मला उत्तर सुचेना. आंघोळ म्हणणार होते, पण पाणीसुद्धा हेच काढून देत होते. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मग आजी, हात कशासाठी मोकळे करायचे?" त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

तिच्याकडून मी पुष्कळ शिकले. माझे पाय दारात थिजतात. उंबरा, अरुंद जागा, वळण आलं की पावलं जमिनीला चिकटल्यासारखी होतात. घरच्यांना वाटायचं मी घाबरते. तिनं सांगितलं, 'आपोआप'चा रस्ता बंद झाला असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जायचं. डोळ्यांना रेघ दाखवायची किंवा कानाला ताल द्यायचा. मग आम्ही बाथरूमच्या दारापुढे पावलापावलावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. सपाट फरशीवर अडकणारी मी त्या पट्ट्या ओलांडत सरळ जाते! आणि तालाचं म्हणाल तर तिनं टिकटिक करणारं यंत्र सुचवलं होतं, पण मला त्याची गरजच पडली नाही. मी शाळेत वीस वर्षं मुलींचं लेझीम बसवलंय. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. पाय अडला की मी मनात लेझीम सुरू करते आणि 'एक'ला पाऊल उचलते. नातू म्हणतो, आजी किचनमध्ये परेड करते. करते तर करते!

आवाजासाठीही शिकवणी लावली. या आजाराच्या आवाजासाठी अमेरिकेत १९८७ मध्ये तयार झालेली एक पद्धत आहे. चार आठवडे, आठवड्याला चार दिवस, असे सोळा तास, आणि सगळ्याचं सूत्र एकच : मोठ्यानं. लांब 'आऽऽऽ', मग रोजची दहा वाक्यं, सगळं मोठ्यानं. पहिल्या दिवशी मला वाटलं मी भांडखोर बाईसारखी किंचाळतेय. त्या बाईंनी ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर तो साधा, घरातला, बोलण्याचा आवाज होता. माझं कानाचं मापच बिघडलंय. ओरडतेय असं वाटलं की समजायचं आता नीट ऐकू जातंय. दहा वाक्यं मी स्वतः निवडली. पहिलं वाक्य होतं, "थांबा, मला बोलू द्या."

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर ते खोटं होईल. हे सगळं शिकल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. २०१८ च्या दिवाळीत, घरात कुणी नसताना, फळीवरचा बेसनाचा डबा काढायला मी स्टुलावर चढले. पडले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात आजाराचा आणि डावा प्लास्टरचा, म्हणजे पाणी प्यायलाही कुणीतरी हवं. यांनी तो दीड महिना कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं. सूनबाई मात्र एकदा बोलली. माझ्या केसांची वेणी घालताना मागून म्हणाली, "आई, मी लाटणं घेतलं ते घाईनं. पण नंतर परत दिलं नाही ते भीतीनं. तुम्ही भाजलात, पडलात तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी आपली अन्याय झाल्यासारखी बसले होते.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही तिघं बसलो आणि वाटणी केली. तळण मी सोडलं. विळी सोडली. उंचावरचं काही काढायचं नाही, ओल्या फरशीवर जायचं नाही, रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं, कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही, आणि त्यानं इतका फरक पडतो की काय सांगू! सोडलेल्या कामांचं मला आज काही वाटत नाही. उलट दुसऱ्या बाजूला लिहिलं : भाजी निवडणं माझं, दूधवाल्याचा हिशेब माझा, माझा फोन मी घेणार, माझ्या ब्लाउजची बटणं मी लावणार, मग पंधरा मिनिटं लागोत. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं मी देणार, राहिलं तर हे जोडतील. आणि रविवारच्या पोळ्या माझ्या. रविवारी कुणाची बस नसते. लाटणार मी, भाजणार ती.

वेळा ठरवताना गोळ्यांचं घड्याळ बघावं लागतं. गोळी घेतल्यावर माझे हात अर्ध्या-पाऊण तासानं मोकळे होतात, आणि पुढच्या गोळीची वेळ आली की पुन्हा जड. तेव्हा पोळ्या साडेनऊ ते साडेदहा, त्याच्या अलीकडे-पलीकडे नाही. डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत आडवी येतात, म्हणून गोळी जेवणाच्या आधी अर्धा तास तरी. हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. मध्यंतरी एका हितचिंतकांनी खाजकुइलीच्या बियांची पूड आणून दिली. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आयुर्वेदात ती कंपवातासाठी जुनीच आहे. पण म्हणूनच तर ती आपल्या मनानं गोळीवर गोळी म्हणून घ्यायची नसते! डॉक्टरांना विचारलं, नको म्हणाले, विषय संपला.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात. खालचा मजला पाण्यात, आम्ही माडीवर, आणि माझ्याकडे तीन दिवसांच्या गोळ्या. या गोळ्या एकदम थांबल्या तर माणूस लाकडासारखा होतो, त्यातून मोठं दुखणंही उद्भवू शकतं. म्हणून मी वेळा कागदावर लिहिल्या आणि गोळ्यांची पट्टी पदराला बांधली, शब्दशः. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. गोळीचा असर उतरलेला, मी जिन्यात खिळलेली. पाणी पायरीवर, खाली बोट हलतेय, मागे आणखी घरं वाट बघतायत. बोटीतून एक तरुण पोरगा वर आला. त्याला माझ्या आजाराचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नुसतं पाहिलं आणि विचारलं, "आजी, उचलू का?"

मी म्हटलं, "उचल बाबा."

त्यानं उचललं, बोटीत ठेवलं, झालं. विश्रामबागला दिराच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. एवढा पूर, एवढी घाई, आणि तो दोन शब्द विचारून थांबला. दोन सेकंद लागले असतील. तिथे लेझीम मोजत बसण्याचा मूर्खपणा मी केला नाही, करणारही नव्हते. मदतीला माझा विरोध कधीच नव्हता. मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि माझं 'हो' किंवा 'नको' ऐकायला थांबायला हवं होतं. 'द्या इकडे' ही आज्ञा आहे. 'उचलू का' हा प्रश्न आहे. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला माझा, हा फरक मी सांगायला नको का?

बँकेत तर हा फरक अगदी उघडा पडला. माझी सही नमुन्याशी जुळेना. कशी जुळणार, नमुना १९९० मधला, त्या सहीला चांगला फुगीर फाटा होता. काउंटरवरचा मुलगा भला होता. म्हणाला, "आजी, कशाला त्रास? अंगठा द्या ना." आजारी पेन्शनरांना सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, तशी रिझर्व्ह बँकेची सोयच आहे, आणि ज्यांना लागते त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. उद्या मलाही लागेल. पण चौतीस वर्षं पोरांना "अंगठाबहाद्दर राहू नका रे" म्हणून ओरडणारी मी! मी म्हटलं, सही बदलायचा फॉर्म द्या. रांग मोठी होती, मागून कुणीतरी च्च् केलं. मी खुर्ची मागितली, बसले, आणि बारीक का होईना, तीन वेळा सही केली. किती वेळ लागला ते पाहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स नावानिशी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मागच्या त्या च्च्ला वळून सांगितलं असतं. मोठ्यानं.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची ज्योत मुहम्मद अलींनी पेटवली, ते टीव्हीवर पाहिल्याचं काहींना आठवत असेल. १९८४ पासून त्यांना हाच आजार होता. हात थरथरत होता, मशाल हातात. मी तेव्हा "अरेरे, काय अवस्था झाली" म्हटलं होतं, अगदी मनापासून. आता तो प्रसंग आठवते तेव्हा माझी नजर अलींकडे कमी आणि भोवतालच्या माणसांकडे जास्त जाते. कुणी पुढे होऊन "द्या इकडे" म्हटलं नाही. सगळं स्टेडियम, सगळं जग तेवढा वेळ थांबलं. आमच्या घरात पोळीसाठी तेवढं थांबता येणार नाही का, असं मी एकदा सूनबाईंना विचारलं. ती म्हणाली, "आई, ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा असतं, डबा रोज असतो." तिचं बरोबर आहे. म्हणून तर रविवार.

हा आजार पुढेच जाणार. गेल्या वर्षभरात गोळ्यांचा असर आधी उतरायला लागलाय. वाटणीच्या कागदावरून एखादं काम या बाजूनं त्या बाजूला जातंच. या संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळणं मी सोडून दिलं, पाक गरम असतो आणि हात चपळ हवा. सोडताना वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण सांगितलं मीच. आणि घरातही बदल झालाय. हे आता माझं वाक्य पुरं करत नाहीत. ओठ हलताना दिसतात, आतल्या आत पुरं करत असतात, पण बाहेर येऊ देत नाहीत. मला हसू येतं, चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच. नातू आता अकरावीत आहे. परवा मी दुधाची पिशवी फोडत होते, त्याचा हात पुढे आला, मध्येच थांबला, आणि म्हणाला, "आजी, करू का?" मी "नको" म्हटलं. तो ओट्याला टेकून मोबाइल बघत उभा राहिला. दूध थोडं सांडलं. त्यानं ओटा पुसला.

आज रविवार. साडेनऊ वाजायला पाच मिनिटं कमी आहेत, गोळी लागू व्हायला लागली आहे असं हात सांगतोय. कणीक सूनबाईंनी भिजवून ठेवलीय. गेल्या रविवारी सहा पोळ्या झाल्या होत्या, त्यातली एक बरीचशी श्रीलंकेसारखी. बाकीचं नंतर टंकते, ती तवा ठेवतेय.